गुप्तहेरांच्या पदरी मानसशास्त्रज्ञ

आमच्या एका तरुण वाचकाने मध्यंतरी विचारले, ‘‘सर, मी मानसशास्त्रात एम. ए. झालो आहे. गुप्तचर यंत्रणेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आमच्या विषयाच्या जागा निघतात. अर्ज करू की नको?’’ घरात पहिल्यांदाच कुणी एवढे शिकलेले, डोक्यावर कर्ज, आणि समोर सरकारी नोकरी. अशा मुलाला ‘विचार करून ठरव’ म्हणणे सोपे आहे. पण विचार कशाचा करायचा, हे सांगणे आमचे काम आहे. कारण मनाचे शास्त्र जेव्हा राष्ट्रीय सुरक्षेच्या दावणीला बांधले जाते तेव्हा त्यातून दोन अगदी वेगळी कामे निघतात, आणि नेमणूकपत्रावर दोन्हींचे नाव एकच असते.

या विषयावरचा सर्वांत मोठा कागदोपत्री पुरावा अमेरिकेत आहे. अमेरिका फार पुण्यवान आहे म्हणून नव्हे, तर तेथे सिनेटच्या समित्यांनी चौकशा केल्या, अहवाल छापले आणि मेलेल्या कैद्याच्या कुटुंबाला न्यायालयात दावा लावता आला म्हणून. तेव्हा सुरुवात तेथूनच करू.

पहिले काम शत्रूच्या मनाचे नाही, स्वतःच्या मनाचे आहे. १९ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी राष्ट्राध्यक्षांना लेखी अंदाज दिला की, सोव्हिएत रशिया क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याची शक्यता फारशी नाही. १४ ऑक्टोबरला टेहळणी विमानाने काढलेल्या छायाचित्रांत तीच क्षेपणास्त्रे दिसली. अंदाज लिहिणारे मूर्ख नव्हते. शर्मन केंट यांच्यासारखा इतिहासाचा प्राध्यापक त्यांचा प्रमुख होता. पण त्यांनी मनाशी असे धरले होते की, जे करणे आपल्याला अविचाराचे वाटते ते रशियालाही अविचाराचेच वाटणार. समोरच्याच्या जागी त्यांनी स्वतःलाच उभे केले.

याच केंट यांनी १९६४ साली एक जुना अनुभव लिहून ठेवला आहे. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचे कळवले. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती शक्यता फारच कमी वाटली. केंट यांच्या मनात शंभरात पासष्ट होती. मग त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, तर कुणाच्या मनात वीस टक्के निघाली, कुणाच्या मनात ऐंशी. एकाच कागदावर सर्वांनी सही केलेली, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा! लक्षावधी माणसांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न अशा शब्दांवर लोंबकळत असतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये हेच इस्रायलच्या वाट्याला आले. इजिप्तकडे लांब पल्ल्याची विमाने आणि क्षेपणास्त्रे नाहीत तोवर इजिप्त युद्ध करणार नाही, असा तेथील लष्करी गुप्तवार्ता विभागाचा सिद्धांत होता. सीमेवर फौजा जमल्याच्या बातम्या येत होत्या. त्या सर्व बातम्यांना ‘हा सराव आहे’ असे म्हणून त्या सिद्धांतात बसवले गेले. युद्धानंतर नेमलेल्या अग्रानात आयोगाने या हट्टावरच बोट ठेवले. बातमी नव्हती असे नाही. बातमी होती, पण आधी बनलेले मत तिला आत येऊ देत नव्हते.

या दुखण्यावर ज्यांनी आयुष्यभर काम केले त्यांत रिचर्ड्स ह्यूअर हे नाव मोठे आहे. ते सीआयएचे अधिकारी होते. मानसशास्त्रज्ञांचे संशोधन वाचून त्यांनी गुप्तचर विश्लेषकाच्या मनावर लेख लिहिले आणि १९९९ साली सीआयएनेच त्यांचे पुस्तक काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एकच शक्यता धरून तिचे पुरावे गोळा करू नका. सर्व शक्यता शेजारी शेजारी मांडा. मग प्रत्येक पुराव्याला विचारा की, तू यांपैकी कोणती शक्यता खोटी पाडतोस? जो पुरावा सगळ्याच शक्यतांशी जुळतो, तो कितीही ठळक दिसला तरी काहीच सिद्ध करत नाही.

हे वाचताना आम्हाला वॉशिंग्टन आठवले नाही, आपल्याकडचे गाव आठवले. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पारधी वस्तीवर जाते. ‘त्या रात्री तो गावातच होता.’ अरे, त्या रात्री सारा गाव गावातच होता! ‘गाडी पाहून तो पळाला.’ ज्याच्या बापाला, आज्याला गाडीत घालून नेऊन मारले, तो निर्दोष असला तरी पळणारच. ह्यूअर यांची पद्धत या दोन्ही पुराव्यांना लावा. दोन्ही शून्य ठरतात. पण आपल्याकडे त्यावर माणसे महिनोन् महिने आत बसतात. पूर्वग्रह हा नुसत्या द्वेषाचा प्रश्न नाही, तो विचार करण्याच्या खोट्या पद्धतीचाही प्रश्न आहे, हे ज्या शास्त्राने सिद्ध केले त्याला आपण परके का मानावे?

अर्थात पुस्तक छापून यंत्रणा सुधारत नाही. पुस्तक निघून पुरती चार वर्षे झाली नव्हती तेव्हा मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अंदाजात इराककडे रासायनिक व जैविक अस्त्रे असल्याचे आणि तो अण्वस्त्रांचा कार्यक्रम पुन्हा उभारत असल्याचे लिहिले होते. अस्त्रे सापडली नाहीत. जुलै २००४ मध्ये सिनेटच्या समितीने अहवालात म्हटले की, सर्वांनी एकाच दिशेने विचार केला, विरोधी शक्यता कुणी तपासलीच नाही. अर्थात विश्लेषकांची चूक आणि राज्यकर्त्यांची इच्छा यांत फरक आहे. ज्याला युद्ध करायचेच आहे त्याला चुकीचा अंदाज सोयीचा असतो. वर्तनशास्त्र विश्लेषकाला सावध करू शकते, सत्ताधाऱ्याला प्रामाणिक करू शकत नाही.

इराकनंतर मात्र काही बरे घडले. कायद्याने पर्यायी विश्लेषण सक्तीचे झाले, शक्यता शब्दांत मांडायच्या तर त्या शब्दाचा टक्का ठरवून दिला गेला. २०११ ते २०१५ या काळात गुप्तचर खात्याच्या पैशाने भाकितांची स्पर्धा झाली. फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स या मानसशास्त्रज्ञांच्या चमूने हजारो सामान्य स्वयंसेवकांकडून जगातील घडामोडींबद्दल टक्क्यांत अंदाज घेतले आणि निकाल लागल्यावर गुण दिले. ज्यांचे अंदाज सातत्याने बरोबर आले त्यांच्याकडे गुप्त कागद नव्हते. नवी माहिती आली की आपले मत थोडेथोडे बदलण्याची तयारी आणि आपण चुकलो हे मान्य करण्याची सवय त्यांच्याकडे होती. एवढ्या साध्या गुणांसाठी कुणी उच्चकुलीन असावे लागत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

हे झाले पहिले काम. त्या तरुणाने ते करावे, आनंदाने करावे. आता दुसरे.

शीतयुद्धाच्या काळात १९५३ साली सीआयएने माणसाचे मन ताब्यात घेण्याचे प्रयोग सुरू केले. ‘एमके-अल्ट्रा’ हे त्याचे नाव. नकळत औषधे पाजणे, झोप तोडणे, अंधारात कोंडणे असे प्रकार झाले. बराचसा पैसा आडमार्गाने विद्यापीठांत आणि रुग्णालयांत गेला. १९७३ मध्ये संस्थेच्या प्रमुखाच्या आदेशाने कागदपत्रे नष्ट करण्यात आली, म्हणून पुरे सत्य कधीच बाहेर आले नाही. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांत मनोरुग्ण होते, कैदी होते, गरीब होते. प्रयोगाला माणूस लागतो तेव्हा तो नेहमी खालच्याच पायरीवर शोधला जातो. असो.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेच दार पुन्हा उघडले. अमेरिकन वायुदलात एक प्रशिक्षण असते. शत्रूच्या हाती सापडल्यावर छळ कसा सोसायचा हे सैनिकांना शिकवण्यासाठी त्यांना थोडा थोडा छळ भोगायला लावतात. जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन हे दोन मानसशास्त्रज्ञ या प्रशिक्षणात काम केलेले. छळ सोसायला शिकवण्याचे हे तंत्र त्यांनी उलटे फिरवले आणि छळ करायला वापरण्याचा आराखडा सीआयएला दिला. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालाच्या सारांशात स्पष्ट लिहिले आहे की, या दोघांना प्रत्यक्ष चौकशी करण्याचा अनुभव नव्हता, अल-कायदाची विशेष माहिती नव्हती, त्या प्रदेशाची भाषा वा संस्कृती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या कंपनीला २००९ पर्यंत ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले.

त्यांच्या आराखड्यामागे एक सिद्धांत होता, तोही समजून घ्यावा. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्याला विजेचे झटके टाळण्याचा कोणताही मार्ग ठेवला नाही, त्याला पुढे मार्ग मोकळा करून दिला तरी तो उठत नसे. पडून राहून झटके सोसत असे. या अवस्थेला ‘शिकलेली हतबलता’ म्हणतात. सेलिगमन यांनी त्यातून नैराश्य कसे बरे करावे याचा विचार केला आणि छळासाठी झालेल्या वापराचा पुढे निषेधही केला. मिचेल-जेसन यांनी मात्र माणसाला त्या कुत्र्याच्या अवस्थेला नेले की तो बोलेल, असा अर्थ काढला.

हतबलता शिकवता येते, हे आम्हाला प्रयोगशाळेने सांगण्याची गरज नव्हती. या देशात तो प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर आणि फार दीर्घ काळ झाला आहे. पण आमच्या अनुभवात आणखी एक गोष्ट आहे, जी मिचेल-जेसन यांच्या हिशेबात नव्हती. हतबल केलेला माणूस मालकाला आवडेल तेच बोलतो. खरे बोलत नाही.

अबू झुबेदा नावाच्या कैद्याचे उदाहरण घ्या. मार्च २००२ मध्ये त्याला पाकिस्तानात जखमी अवस्थेत पकडले. एफबीआयचे अधिकारी अली सुफान यांनी त्याच्याशी अरबीत बोलून, त्याच्या जखमांची काळजी घेऊन माहिती मिळवली. ११ सप्टेंबरच्या कटाचा सूत्रधार कोण, हे तेव्हाच कळले. त्यानंतर त्याला मिचेल यांच्या पद्धतीच्या हवाली केले गेले. ऑगस्ट २००२ या एका महिन्यात त्याच्या तोंडावर फडके टाकून पाणी ओतण्याचा, बुडत असल्याचा अनुभव देणारा प्रकार ८३ वेळा झाला. खालिद शेख मोहम्मद याच्यावर मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. सिनेट समितीचा निष्कर्ष असा की, या छळाने सहकार्य वा उपयुक्त माहिती मिळवण्याचा मार्ग परिणामकारक ठरला नाही. सीआयएने हा निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण झुबेदाला वीस वर्षांहून अधिक काळ खटला न चालवता कोंडून ठेवले, याला काय उत्तर आहे?

गुल रहमान हा अफगाण माणूस तर कोंडून ठेवायलाही उरला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अफगाणिस्तानातील गुप्त तुरुंगात, कमरेखाली उघडा, काँक्रीटच्या थंड फरशीवर साखळीने बांधलेला असा तो मेला. थंडीने गारठून मेला. त्याचे कुटुंब आणि वाचलेले दोन कैदी यांनी २०१५ मध्ये या दोन मानसशास्त्रज्ञांवरच दावा लावला. खटला उभा राहण्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये तडजोड झाली. फौजदारी शिक्षा कुणालाच झाली नाही.

येथे कुणी म्हणेल, दोन माणसे वाईट निघाली, त्यात शास्त्राचा काय दोष? म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने काय केले ते पाहावे लागते. २००५ साली तिने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशांमध्ये मानसशास्त्रज्ञाने भाग घ्यावा की नाही, हे ठरवायला समिती नेमली. मत देणाऱ्या नऊ सदस्यांपैकी सहा जण लष्कराशी वा गुप्तचर संस्थांशी संबंधित होते. समितीने ‘भाग घेणे नीतीला धरून आहे’ असा कौल दिला. जीन मारिया अरिगो या सदस्येने पुढे या बैठकीतील प्रकार उघड केला. त्याबद्दल तिला संघटनेतच वर्षानुवर्षे बाजूला टाकले गेले. अखेर जुलै २०१५ मध्ये डेव्हिड हॉफमन या वकिलाचा चौकशी अहवाल आला. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांशी संगनमत करून नीतिनियम मुद्दाम सैल ठेवले, असे त्यात म्हटले होते. कारण? संरक्षण खाते हे मानसशास्त्रज्ञांना नोकऱ्या देणारे फार मोठे दुकान आहे, त्याची मर्जी राखायची होती! लष्करातील काही मानसशास्त्रज्ञांनी या अहवालावर कडक आक्षेप घेतले. पण पुढच्याच महिन्यात संघटनेच्या परिषदेने १५७ विरुद्ध १ मताने अशा चौकशांत भाग घेण्यावर बंदी घातली. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची वेगळी संघटना आहे. तिने तर २००६ सालीच आपल्या डॉक्टरांना मनाई केली होती. म्हणजे नऊ वर्षे आधी नाही म्हणणे शक्य होते.

तिसरा प्रकार वरवर सौम्य आहे. चेहरा, घाम, पापण्यांची उघडझाप पाहून दहशतवादी ओळखण्याचा. अमेरिकेच्या विमानतळांवर २००७ पासून असे अधिकारी नेमले गेले. सरकारी हिशेब तपासनिसांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले की, यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले, आणि वागणुकीवरून खोटेपणा ओळखण्याची माणसाची क्षमता छापा-काट्याइतकी किंवा त्याहून किंचित बरी आहे. २०१२ मध्ये बॉस्टनच्या विमानतळावरील तीसहून अधिक अधिकाऱ्यांनीच तक्रार केली होती की, या नावाखाली कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मध्यपूर्वेतील प्रवाशांना वेचून अडवले जाते. शास्त्राचे नाव दिले की जुना रंगभेद गणवेश घालून उभा राहतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ सालीच जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्या काळच्या साहेबांना ते शास्त्रीय वर्गीकरणच वाटत होते. १९५२ मध्ये कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द करताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेखही काढायला सांगावे लागले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

आधुनिक यंत्रांचा अनुभव याहून वेगळा नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. तिच्या डोक्याला तारा लावून वाक्ये ऐकवली होती, आणि मेंदूच्या लहरींवरून ‘हा अनुभव तिला आहे’ असे तज्ज्ञांनी सांगितले होते. निकालात त्या चाचणीचा आधार घेतला गेला. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, असे मत दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. मालेगावचा २००६ चा बॉम्बस्फोट आठवा. पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांपैकी काहींना सुई टोचून गुंगीत बोलते केले गेले. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. गुंगीत काढून घेतलेला शब्द तेव्हा वाहिन्यांवर दिवसरात्र पुरावा म्हणून वाजत होता.

५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, खोटेपणा शोधणारे यंत्र आणि मेंदूची चाचणी यांवर बंदी घातली. आधार राज्यघटनेचा. अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडानुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि अनुच्छेद २१ त्याच्या देहाचे व मनाचे स्वातंत्र्य राखतो. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घटनेचा मसुदा लिहिला तेव्हा मेंदूच्या लहरींवरून अनुभव ओळखण्याची ही चाचणी नव्हती. पण कोठडीतील माणसाच्या तोंडून हवे ते वदवून घेणारे हात होते, आणि ते हात घटनाकारांना पुरते ठाऊक होते. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हाच निकाल पुन्हा उच्च न्यायालयाला दाखवावा लागला. याचा अर्थ पंधरा वर्षांनंतरही तो खालपर्यंत पोचलेला नाही.

अमेरिकेत निदान सिनेटची समिती होती. आपल्या गुप्तचर विभागाला आणि ‘रॉ’ला संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. त्यांच्या कामावर नजर ठेवणारी संसदीय समिती नाही. तेथे बसलेल्या मानसशास्त्रज्ञाला कुणी ‘हे कर’ म्हटले आणि त्याला ते पटले नाही, तर तो दाद कुणाकडे मागणार? अरिगोबाईंना निदान वर्तमानपत्रे आणि पुढे एक हॉफमन भेटला. आपल्याकडच्या मुलाला बदली भेटेल, गोपनीय अहवालातील शेरा भेटेल.

म्हणून या जागांवर आपल्या मुलांनी जाऊच नये, असे आमचे मत नाही. उलट ज्या टेबलावर ‘संशयित कोण’ हे ठरते, त्या टेबलाभोवती सारे एकाच थरातले, एकाच शाळेतले, एकाच पूर्वग्रहाचे असतील तर ह्यूअर यांचे पुस्तक कपाटातच राहील. पारधी का पळाला याचे दुसरे उत्तर ज्याला घरातून ठाऊक आहे, असा एक तरी माणूस तेथे हवा. पण त्याने विश्लेषकाच्या खुर्चीवर बसावे, सुई हातात घेऊन नव्हे. आणि खुर्ची देताना सुईही हातात ठेवली, तर संमतीचा कागद मागावा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली घालून दिलेल्या नियमांत आरोपीची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, त्याला वकील मिळावा, असे स्पष्ट आहे. सेल्वी निकालाने ते नियम काटेकोर पाळायला सांगितले आहे. कागद नसेल तर चाचणी नाही, एवढे म्हणायला कोणतीही वेगळी क्रांती लागत नाही.

त्या तरुणाला आम्ही सेल्वी निकालपत्राची प्रत दिली आहे. अडीचशे पाने आहेत आणि इंग्रजी जड आहे, पण त्याने वाचायला घेतली आहे. जाहिरात निघाली की अर्ज करणार, असेही तो म्हणाला.